ग्रान्मा: सांगलीएवढा प्रांत, उसाचा आणि बंडाचा

सांगली जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. क्युबाच्या पूर्व भागातला ग्रान्मा प्रांत जवळपास तेवढाच भरतो, सुमारे ८,३७५ चौरस किलोमीटर. सांगलीत २०११ च्या जनगणनेत २८ लाख माणसं मोजली गेली. ग्रान्मात ती आठ लाखांच्या घरात आहेत. आपल्याकडे दहा तालुके, त्यांच्याकडे तेरा. मधून एक मोठी नदी, नदीकाठी ऊस, एका बाजूला डोंगराची भिंत आणि गावोगाव हुतात्म्यांची स्मारकं. वाळवा, पलूस, कराड, खटाव इथल्या माणसाला हा नकाशा समजायला वेळ लागत नाही. म्हणूनच या प्रांताचा भूगोल आणि त्याचा लढ्याशी असलेला संबंध मराठीत नीट मांडून ठेवावा असं वाटतं. नुसती हवाना आणि चे गेवाराचा फोटो छापलेला टी-शर्ट म्हणजे क्युबा, एवढ्यावर आपलं वाचन थांबू नये.

आधी नावांचा उच्चार, कारण इंग्रजी वळणानं वाचलं की गावं ओळखू येत नाहीत. स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’ शेजारी आले की ‘य’ होतो, म्हणून बंदराचं गाव मान्सानियो. ‘जे’चा ‘ह’ होतो, म्हणून हिग्वानी. मुख्य शहर बायामो, नदी काउतो, डोंगररांग सिएरा माएस्त्रा. ग्रान्मा हा मात्र मुळात स्पॅनिश शब्दच नाही. इंग्रजीत आजीला लाडानं जे म्हणतात, ते नाव एका अमेरिकन मालकानं आपल्या बोटीला दिलं. ती बोट फिदेल कास्त्रोच्या बंडखोरांना घेऊन १९५६ साली या किनाऱ्याला लागली आणि १९७६ मध्ये जुन्या ओरिएन्ते प्रांताचे पाच तुकडे झाले तेव्हा त्यातल्या एकाला बोटीचं नाव मिळालं. आज त्या नावानं आठ लाख माणसं पत्ता लिहितात.

आता जमीन. आपला सह्याद्री उत्तर-दक्षिण जातो, सिएरा माएस्त्रा पूर्व-पश्चिम. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला कोकणात तुटतो, माएस्त्राचा दक्षिणेला थेट समुद्रात. मध्ये कोकणपट्टीसारखी रुंद जागाच नाही. क्युबातलं सर्वांत उंच शिखर पिको तुर्किनो १,९७४ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा सव्वातीनशे मीटरनं उंच, आणि ते समुद्रापासून काही किलोमीटरवरच उभं आहे. शिखर शेजारच्या सान्तियागो प्रांताच्या हद्दीत येतं, पण तिथं जाण्याची नेहमीची एक वाट ग्रान्मातून चढते.

पावसाचं गणित उलट बाजूनं सोडवावं लागतं. आपल्याकडे मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो, कोयना-नवजा भिजतं आणि माण-आटपाडी कोरडी राहते. तिथं व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. त्यामुळे माएस्त्राचा उत्तर उतार ओला, धुक्याचा, कॉफीचा. आणि समुद्राकडचा दक्षिण किनारा पर्जन्यछायेत. पिलोन आणि काबो क्रूस या भागात निवडुंग दिसतात. नद्या उत्तर उतारावरून खाली येतात, काउतोला मिळतात आणि काउतो पश्चिमेला वळून ग्वाकानायाबोच्या आखातात जाते. लांबी ३४३ किलोमीटर. कृष्णेपुढे ती लहान, पण क्युबातली सर्वांत लांब नदी तीच.

थोडक्यात, प्रांताचे तीन पट्टे पडतात. काउतोचं मैदान, तिथं ऊस, भात आणि गुरं. माएस्त्राचा उतार, तिथं कॉफी आणि जंगल. आणि नैर्ऋत्य टोकाचा किनारा, तिथं खारफुटी आणि चुनखडी. पुढचा सगळा इतिहास वाचताना प्रत्येक चकमक या तीनपैकी कोणत्या पट्ट्यात झाली ते बघत जावं. कोण जिंकलं, कोण हरलं आणि का, याचं निम्मं उत्तर तिथं सापडतं.

नैर्ऋत्य टोकाबद्दल थोडं अधिक. काबो क्रूसजवळ समुद्रातून पायऱ्या चढाव्यात तशी जमीन वर आलेली आहे. कॅरिबियन आणि उत्तर अमेरिकन भूपट्ट इथं एकमेकांना घासत सरकतात, त्यात जमीन हळूहळू उचलली जाते आणि समुद्र प्रत्येक पातळीला एक पायरी कोरून ठेवतो. म्हणून सर्वांत वरची पायरी सर्वांत जुनी. या पायऱ्या समुद्रसपाटीपासून ३६० मीटर वरपर्यंत आणि पाण्याखाली १८० मीटरपर्यंत आहेत. याच कारणानं इथलं राष्ट्रीय उद्यान १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. भूपट्टांची ही घासाघीस अजून चालू आहे. १० नोव्हेंबर २०२४ ला या किनाऱ्यासमोर समुद्रात ६.८ रिश्टरचा भूकंप झाला आणि पिलोन, बार्तोलोमे मासो या भागांत घरं पडली. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का ज्या घरांत अजून सांगितला जातो, त्यांना हे वेगळं समजवायला नको. फरक कारणात आहे. ग्रान्मा भूपट्टाच्या काठावर बसलंय. कोयना काठापासून लांब आहे आणि तिथल्या भूकंपांचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो.

चुनखडीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ही जमीन पाणी धरत नाही. पाऊस पडला की भेगांतून खाली जातो आणि वर ओढा-नाला उरत नाही. दगड झिजून इतका धारदार होतो की तिथले लोक त्याला ‘कुत्र्याचे दात’ म्हणतात. पातळ तळव्याचा बूट त्यावर टिकत नाही.

बंडाची परंपरा सांगताना क्युबन लोक आतुएपासून सुरुवात करतात. आतुए हा शेजारच्या इस्पानियोला बेटावरून आलेला, ताईनो या मूळ रहिवाशांचा सरदार. स्पॅनिशांशी लढताना तो पकडला गेला आणि १५१२ मध्ये त्याला जिवंत जाळलं. परंपरेनं ती जागा यारा मानतात. पुढच्याच वर्षी, १५१३ मध्ये, बायामो वसलं. समुद्रापासून आत, नदीच्या आधारानं वाढलेलं हे गाव हवानाच्या अधिकाऱ्यांपासून लांब होतं. कातडी आणि गुरांचा चोरटा व्यापार इथं वाढला आणि सरकारला न जुमानण्याची सवयही त्याच्याबरोबर.

खरा भडका १० ऑक्टोबर १८६८ चा. मान्सानियोच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर ला देमाहाग्वा नावाचा साखर कारखाना होता. मालक कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस, बायामोचा वकील. बंडाची तारीख पुढची ठरली होती, पण त्याच्या अटकेची तार सुटल्याची बातमी आधीच हाती आली आणि तारीख अलीकडे ओढावी लागली. सकाळी त्यानं कारखान्याची घंटा वाजवली. ही घंटा रोज गुलामांना कामावर बोलवायची. त्या दिवशी सगळे जमल्यावर त्यानं आपल्या गुलामांना मुक्त केलं आणि स्पेनविरुद्ध लढायला येणार का, असं विचारलं.

बंड साखर कारखान्यातच का सुरू झालं, हे ऊसवाल्या माणसाला चटकन कळेल. तोडलेला ऊस थांबत नाही. तोडीनंतर एक-दोन दिवसांत वजन घटू लागतं, साखर मोडते आणि उतारा पडतो. म्हणून कारखाना उसाच्या मधोमध हवा आणि तोडायला, ओढायला, गाळायला माणसं एकाच जागी शेकड्यांनी हवीत. आजही आपल्या कारखान्याच्या आवारात हंगामात जेवढी माणसं एकत्र दिसतात तेवढी तालुक्यात दुसरीकडे दिसत नाहीत. त्या काळच्या क्युबात हीच माणसं गुलाम होती. गुलामगिरी तिथं पूर्ण संपायला १८८६ उजाडलं. साखर कारखाना हा एकाच वेळी मालकाच्या संपत्तीचा आणि गुलामांच्या संतापाचा साठा होता. सेस्पेदेसनं पहिल्याच दिवशी आपल्या हातानं आपले गुलाम मोकळे केले. त्याला ‘देशाचा पिता’ म्हणतात. तो मान त्याला पूर्ण शोभतो.

दुसऱ्याच दिवशी, ११ ऑक्टोबरला, यारा गावात ही अननुभवी फौज पांगली. सेस्पेदेसजवळ बारा माणसं उरली. कुणीतरी सगळं संपलं म्हणाल्यावर तो म्हणाला की स्वातंत्र्य मिळवायला बारा पुरेत. हार उघड्या मैदानातल्या गावात झाली हे लक्षात घ्या. पण मैदानाचा फायदाही होता, कारण बातमी आणि माणसं लवकर पोचली. २० ऑक्टोबरला बायामो बंडखोरांच्या हाती आलं. त्याच दिवशी पेरुचो फिगेरेदोनं घोड्यावर बसल्या बसल्या गीताचे शब्द लिहून दिले, असं सांगतात. तेच आज क्युबाचं राष्ट्रगीत आहे आणि त्यात हाक देशाला नाही, बायामोच्या लोकांना घातलेली आहे. २० ऑक्टोबर हा क्युबात संस्कृती दिन म्हणून पाळतात.

शस्त्रं कोणती होती? बंदुका थोड्या, काडतुसं त्याहून थोडी. पण प्रत्येकाकडे माचेते होता. आपला ऊसतोडीचा कोयता आणि माचेते यांत फरक आहे. माचेतेचं पातं लांब आणि जवळपास सरळ असतं. काम तेच, बुडातून तोड, पाचट सोल, वाढं उडव. क्युबन बाजूनं लढायला आलेल्या मॅक्सिमो गोमेस या डोमिनिकन सेनानीनं त्याच पहिल्या काही आठवड्यांत बायरेजवळ माचेतेचा पहिला हल्ला करून दाखवला. रस्त्याकडेच्या झाडीत दबा धरायचा, स्पॅनिश तुकडी टप्प्यात आली की एकदम तुटून पडायचं. बंदुकीची एक फैर झाडून पुन्हा बार भरायला जो वेळ लागतो, तेवढ्यात माचेते अंगावर. अंतर जास्त ठेवलं किंवा हल्ला उघड्यावर केला की हा डाव फसतो. तो चालतो दाट झाडीच्या कडेला. तोडणी मजूर आपल्या हत्याराला सरावलेला असतो, त्याला कवायत शिकवावी लागत नाही.

जानेवारी १८६९ मध्ये स्पॅनिश सेनापती काउंट वाल्मासेदाची फौज बायामोवर चालून आली. शहर राखणं शक्य नव्हतं. १२ जानेवारीला बायामोच्या लोकांनी स्वतःच घरांना आग लावली आणि मुलाबाळांसह रानात गेले. सधन कुटुंबांनीही आपले वाडे जाळले. आज बायामोत जुनी वास्तू फार थोडी दिसते त्याचं कारण हे. सेस्पेदेसचं जन्मघर, देवळातलं एक उपमंदिर आणि एक मनोरा असं थोडंच वाचलं. सेस्पेदेसचा मुलगा ओस्कार स्पॅनिशांच्या हाती लागला. शरण आलास तर मुलगा सोडू, असा निरोप आला. ओस्कार हा माझा एकटाच मुलगा नाही, क्युबासाठी मरणारे सगळे माझेच, अशा अर्थाचं उत्तर गेलं आणि ओस्कारला गोळ्या घातल्या. सेस्पेदेस स्वतः २७ फेब्रुवारी १८७४ ला माएस्त्रातल्या सान लोरेन्सोत मारला गेला. लढा दहा वर्षं चालून १८७८ मध्ये तहावर थांबला.

पुन्हा युद्ध पेटलं ते १८९५ मध्ये. होसे मार्ती हा या युद्धाचा आत्मा. १९ मे १८९५ ला तो दोस रिओस इथं घोड्यावरून पुढं गेला आणि गोळी लागून पडला. दोस रिओस म्हणजे दोन नद्या. काउतो आणि कोन्त्रामाएस्त्रे यांचा तो संगम, हिग्वानी तालुक्यात. कराडच्या प्रीतिसंगमावर उभं राहिलेल्या माणसाला त्या जागेची कल्पना करायला चित्र लागणार नाही.

मधली वर्षं पुस्तकांत झटपट उरकतात, ते योग्य नाही. १९३३ मध्ये बायामोजवळच्या माबाय साखर कारखान्यात कामगारांनी ताबा घेऊन स्वतःची सत्ता जाहीर केली. मान्सानियोनं १९४० मध्ये देशातला पहिला कम्युनिस्ट महापौर निवडला. आणि २२ जानेवारी १९४८ ला मान्सानियोच्या रेल्वे स्टेशनवर साखर कामगारांचा नेता हेसुस मेनेन्देस याला लष्करी अधिकाऱ्यानं गोळी घातली. साखरेचा भाव वाढला की कामगारालाही वाटा मिळालाच पाहिजे, ही मागणी त्यानं पदरात पाडून घेतली होती. फिदेल आला तेव्हा ही जमीन कोरी नव्हती, नांगरलेली होती.

आता ती बोट, हुकूमशहा बातिस्ताविरुद्ध लढायला फिदेल जिच्यातून आला ती. ती कशी आली यापेक्षा काय काय बिघडलं हे जास्त शिकवणारं आहे. ग्रान्मा साधारण १८ मीटर लांबीची डिझेल बोट, १९४३ ची बांधणी, सहलीला डझनभर माणसं नेणारी. २५ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे मेक्सिकोतल्या तुस्पानहून तिच्यात ८२ माणसं चढली. शिवाय बंदुका आणि दारूगोळा. इंधनाच्या टाकीत १,२०० गॅलन मावत होतं, ते पुरणार नव्हतं, म्हणून आणखी सुमारे २,००० गॅलन डब्यांतून डेकवर. या वजनानं बोट खोल बसली, वेग घटला, वर वादळी हवा. पाच दिवसांचा प्रवास सात दिवसांचा झाला.

दोन दिवसांचा उशीर एवढाच, पण त्यानं सगळी जुळणी मोडली. ३० नोव्हेंबरला बोट लागणार म्हणून सान्तियागोत फिदेलचा साथीदार फ्रान्क पाईसनं उठाव केला. बोट समुद्रातच होती. निकेरोजवळच्या किनाऱ्यावर सेलिया सान्चेसनं ट्रक, इंधन, माणसं तयार ठेवली होती. वाट बघून ती पांगवावी लागली. लष्कर मात्र जागं झालं. शेवटच्या रात्री काबो क्रूसचा दीपस्तंभ दिसतो का बघायला वर चढलेला नावाडी समुद्रात पडला. फिदेलनं त्याला शोधल्याशिवाय पुढे जायला नकार दिला. माणूस सापडला, वेळ गेली. माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता. माणूस समुद्रात सोडून आलेल्या फौजेवर पुढे कुणी विश्वास ठेवला नसता.

२ डिसेंबरला बोट लास कोलोरादासजवळ चिखलात रुतली. धक्क्याला लागायचं होतं, लागली खारफुटीला. जड सामान सोडून माणसं पाण्यात उतरली. खारफुटीची मुळं एकमेकांत गुंतलेली, खाली गाळ, वर डास. दीडेक किलोमीटर पार करायला काही तास गेले. आज तिथं चालायला पक्की वाट बांधली आहे, तिच्यावरून चालताना दोन्हीकडची जाळी बघावी.

पुढचे तीन दिवस तिसऱ्या पट्ट्याचे, म्हणजे चुनखडीचे. नव्या बुटांनी पाय फोडले. पाणी नाही, खायला नाही. रात्री उसाच्या फडातून जाताना त्यांनी ऊस तोडून खाल्ला आणि चोथा वाटेवर टाकला. ज्याच्या शेतातून रात्री ऊस गेलाय त्या शेतकऱ्याला विचारा, चोथ्याचा माग काढणं किती सोपं. भरीला सोडून दिलेल्या वाटाड्यानं लष्कराला खबर दिली. ५ डिसेंबरला आलेग्रिआ दे पिओ इथं, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला झाडी अशा कडेवर, दुपारी लष्करानं गाठलं. तुकडी फुटली. काही मेले, काही पकडून मारले गेले, बाकीचे पांगले. फिदेल दोन साथीदारांसह उसाच्या फडात पाचटाखाली कित्येक दिवस पडून राहिला. चेची टोळी दगडांच्या खोबणीतलं पाणी दम्याच्या औषधाच्या पंपानं ओढून प्यायली.

ते वाचले डोंगरामुळे नव्हे. डोंगर अजून लांब होता. ते वाचले शेतकऱ्यांच्या घरांमुळे. क्रेसेन्सिओ पेरेस, गिएर्मो गार्सिया आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी पांगलेली माणसं एकेक करून शोधली, खाऊ घातली, या घरातून त्या घरात पोचवली. १८ डिसेंबरला सिन्को पाल्मास इथं फिदेल आणि त्याचा भाऊ राऊल भेटले. राऊलकडे पाच बंदुका, फिदेलकडे दोन. सात झाल्या, आता आपण जिंकलो, असं फिदेल म्हणाला. शेतकऱ्यांनी हे का केलं? डोंगरउतारावर कॉफी पिकवणाऱ्या कित्येकांकडे जमिनीचा कागद नव्हता. कधीही जमीनदाराचे लोक येऊन हुसकावून लावायचे, बरोबर ग्रामीण पोलीस. लपवलेल्या माणसाचा शत्रू आणि आपला शत्रू एकच आहे हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे जाळं विणलं सेलिया सान्चेसनं, आणि तिचं नाव अजून आपल्याकडे पुरेसं पोचलेलं नाही. जन्म मेदिआ लूनाचा, १९२०. वडील डॉक्टर. वडिलांच्या दवाखान्यामुळे गावोगावची घरं तिच्या ओळखीची. १९५३ मध्ये वडिलांबरोबर जाऊन मार्तीचा अर्धपुतळा तुर्किनोच्या माथ्यावर बसवणाऱ्यांत ती होती. बोट येण्याआधी किनाऱ्याचे सागरी नकाशे तिनंच मिळवले. पुढे युद्धातल्या चिठ्ठ्याचपाट्या, पावत्या, आदेश जपून ठेवले ते तिनंच. आज त्या युद्धाचा इतिहास कागदावर लिहिता येतो त्याचं मोठं श्रेय तिचं.

इथं प्रतिसरकारची तुलना टाळता येत नाही. १९४३ ते ४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं जे उभं राहिलं त्याला तुफान सेना होती, न्यायदान मंडळं होती, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वे होती. पण माएस्त्रासारखा एक पक्का डोंगरी तळ नव्हता. त्याची जागा दोन गोष्टींनी भरून काढली. एक, कृष्णा-येरळाकाठची घरं, भाकरी देणारी आणि तोंड बंद ठेवणारी. दुसरी, संस्थानांच्या हद्दी. कुंडल औंध संस्थानात होतं. ब्रिटिश मुलखातला पोलीस शिवेपाशी अडायचा आणि औंधच्या राजाची सहानुभूती भूमिगतांकडे होती. क्युबात एकच सरकार, एकच लष्कर, शीव ओलांडून सुटायची सोय नाही. म्हणून तिथं डोंगराची गरज जास्त होती. घरांची गरज दोन्हीकडे सारखी.

१९५८ पर्यंत डोंगरात पक्का तळ उभा राहिला, ला प्लाता. लाकडी घरं, इस्पितळ, कोठार, पुढे रेडिओ केंद्र. सगळं झाडांच्या छत्राखाली, एकमेकांपासून अंतर सोडून, विमानातून दिसू नये म्हणून. धूर हा मोठा धोका. दिवसा चूल पेटली की वरून जागा कळते. रेडिओ रेबेल्देचं पहिलं प्रक्षेपण २४ फेब्रुवारी १९५८ चं, चेच्या तळावरून. तारीख १८९५ च्या युद्धाच्या आरंभाची, मुद्दाम निवडलेली. त्याच उन्हाळ्यात बातिस्तानं सुमारे १०,००० सैनिक माएस्त्रावर घातले. समोर बंडखोर सुमारे ३००. अरुंद दऱ्यांत मोठ्या तुकड्यांना पसरता येत नाही, पुढची माणसं अडली की मागची निरुपयोगी. एल हिग्वे इथं एका बटालियनला वेढून अन्नपाणी तोडलं, मदतीला येणाऱ्या तुकड्या वाटेतच अडवल्या आणि २१ जुलैला ती शरण आली. कैद्यांना न मारता रेडक्रॉसकडे दिलं. त्यानं पुढच्या तुकड्यांची लढायची इच्छा निम्मी केली.

त्याच ला प्लातात १७ मे १९५९ ला शेतजमीन सुधारणा कायद्यावर सही झाली. कमाल मर्यादा ३० काबायेरिया. एक काबायेरिया १३.४२ हेक्टर, म्हणजे मर्यादा जवळपास १,००० एकर. कसणाऱ्याला दोन काबायेरियांपर्यंत, साधारण ६६ एकर, मोफत. आपल्या कमाल धारणा कायद्याची बारमाही बागायतीची १८ एकरांची मर्यादा शेजारी ठेवली की तिथली मोठी शेतं किती अवाढव्य होती ते कळतं. १९६३ मध्ये मर्यादा पाच काबायेरियांवर आणली आणि वरची जमीन सरकारी शेतांत गेली. इथं आपली आणि त्यांची वाट वेगळी झाली. आपल्याकडे सहकारी कारखाने, त्यांच्याकडे सरकारी. सोव्हिएत संघ चढ्या भावानं साखर घ्यायचा तोवर हे चाललं. तो कोसळल्यावर खत, डिझेल, सुटे भाग आटले आणि २००२ मध्ये देशातल्या १५६ कारखान्यांपैकी ७१ बंद करायचं ठरलं. क्रांतीचा आदर करणाऱ्यानं ही बाजूही मोकळेपणानं सांगावी. शेतकऱ्याच्या हातात कारखान्याचा निर्णय नसणं ही तिथली मोठी उणीव राहिली.

काउतोनंही किंमत वसूल केली. ऑक्टोबर १९६३ मध्ये फ्लोरा चक्रीवादळ पूर्व क्युबावर चार-पाच दिवस घुटमळलं. सान्तियागोला २,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, काउतोचं मैदान समुद्र झालं, हजाराच्या वर माणसं गेली. २०१९ ला आयर्विन पुलाशी ५७ फूट पाणी बघितलेल्या सांगलीकराला मैदानातल्या पुराचा संथ, न ओसरणारा जोर माहीत आहे. त्यानंतर वरच्या नद्यांवर धरणं झाली. पूर आवरला, भाताला पाणी मिळालं, पण नदीचा प्रवाह घटला, खालून खारं पाणी शिरलं आणि निचरा नसलेली काळी जमीन क्षारपड झाली. वाळवा-मिरज-पलूसच्या क्षारपडीचं कारण अति पाणी आणि तुंबलेला निचरा. तिथं त्यात समुद्राची भर.

कुणाला प्रत्यक्ष जायचं असेल तर डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने, पायवाटा बंद असू शकतात. मुक्काम बायामोत, तिथं अजून घोडागाडीनं फिरता येतं. बायामोहून यारा, बार्तोलोमे मासो करत सान्तो दोमिंगो साधारण ७० किलोमीटर. इंधनटंचाई आणि वीजकपात नेहमीची आहे, म्हणून गाडी परतीसह ठरवावी आणि विजेरी, कोरडा खाऊ, रोख पैसे जवळ ठेवावेत. सान्तो दोमिंगोला तुर्किनो राष्ट्रीय उद्यानाचा वाटाड्या घ्यावाच लागतो, त्यासाठी सकाळी लवकर पोचावं. तिथून आल्तो देल नारान्हो पाच किलोमीटर, पण चढ सुमारे ७५० मीटर, म्हणजे सरासरी शंभराला पंधरा. आपल्या घाटरस्त्यांच्या दुपटीहून खडा. साध्या गाडीचं इंजिन चढताना तापतं आणि उतरताना ब्रेक जळतात, चारही चाकांना जोर असलेलीच गाडी हवी. वरून ला प्लाता तीनेक किलोमीटर पायी, चिखलात पकड धरणारे बूट घालून. तुर्किनो त्याच ठिकाणाहून तेराएक किलोमीटर, ते एका दिवसाचं काम धरू नये.

ला देमाहाग्वा मान्सानियोहून अर्ध्या दिवसात होतं. १८६८ मध्येच स्पॅनिश युद्धनौकेनं तोफा डागून कारखाना उद्ध्वस्त केला. उरलेल्या यंत्राच्या दात्यांच्या चाकातून पुढे जाग्वेचं झाड उगवलं, आपल्या नांद्रुकीच्या कुळातलं, आणि खोडानं चाक कवेत घेतलं. घंटा तिथं भिंतीत बसवलेली आहे.